पन्हाळीखालचा ओघळ

दसरा झाला की जळगावात रंगाच्या दुकानांपुढे गर्दी सुरू होते. फुटपाथवर डबे, रोलर, लांब दांड्यांचे कुंचे मांडलेले असतात. सकाळी थोडा गारवा असतो, पण दहा वाजले की ऊन परत उन्हाळ्यासारखं चढतं आणि ओल्या रंगाचा वास रस्त्यापर्यंत येतो. कापसाच्या गाड्या गेल्यावर दुभाजकावरच्या झुडपांना पांढरे पुंजके अडकून राहतात. घराघरांत कपाटं भिंतीपासून सरकवलेली, पंख्यांना कापड गुंडाळलेलं. जुनं ते नवं दिसावं म्हणून सगळं गाव राबत असतं.

मी मात्र बरीच वर्षं या दिवसांत उलटं काम करत आलो आहे. नव्याचं जुनं.

पोटासाठी मी एका आर्किटेक्टकडे आरेखक आहे. फावल्या वेळात छोटी घरं बनवतो. दिवाळीचे किल्ले, मग गणपती मंडळाचे देखावे, असं करत करत हा नाद लागला. ओटा, गटार, विजेचा खांब, त्यावरचं तारांचं जंजाळ, सगळं एका फळीवर आणि मापात. खऱ्याच्या एका फुटाला अर्धा इंच. या मापात सहा फुटी दरवाजा तीन इंचांचा होतो, आणि उंबरठा काडेपेटीतल्या काडीएवढा.

भिंती उभ्या करणं सोपं असतं. सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पुठ्ठा, कापला, चिकटवला, झालं. खरी परीक्षा गिलाव्याची. खऱ्या घराची वाळू छोट्या घराला लावली तर भिंतीतून गोटे बाहेर आल्यासारखे दिसतात. म्हणून वाळू जुन्या ओढणीतून गाळायची, जी धुळीसारखी खाली पडेल तेवढीच घ्यायची, ती प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मिसळायची. थर जाड झाला तर घर केकसारखं दिसतं. पातळ झाला तर आतला सनबोर्ड उघडा पडतो. प्लास्टर घट्ट होण्याआधी बोथट सुईने विटांच्या रेषा ओढायच्या असतात, आणि ती वेळ चुकली की सुई नुसती खरवडत राहते. ऑक्टोबरच्या उन्हात ही वेळ फार लवकर निघून जाते.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी माझ्या सासऱ्यांचं घर बनवलं. त्याबद्दल लिहायचं वर्षभर टाळलं. यंदा परत चुन्याचा वास नाकात गेला आणि टाळणं जमेना.

माझे सासरे धुळ्याचे. सगळे त्यांना नाना म्हणतात. चौथ्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याखाली एक, आणि रस्त्याला लागून ओटा. त्या ओट्यावर बसून नानांनी जन्मभर लोकांच्या शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. मग शेजारचं घर पाडून तिथे दुकानांची इमारत व्हायला लागली. तिचा पाया खणताना नानांच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. पावसाळा तोंडावर होता. घर विकावं लागलं, घेणाऱ्याने ते लगेच पाडलं, आणि नाना मेहरूणच्या तळ्याजवळ आमच्या फ्लॅटमध्ये आले.

आले, पण टेकले नाहीत. लेकीच्या घरी राहायचं हे त्यांना पटतच नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या पिढीत बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. सकाळी उठून नाना तळ्याकडे फिरायला जात आणि चहा तिथल्या टपरीवरच पिऊन येत, आमच्या घरात एक कप कमी लागावा म्हणून. माझ्याशी ते जपून, पुस्तकात असतं तसलं मराठी बोलत आणि मला 'पाहुणे' म्हणत. आमच्याकडे जावयाला पाहुणेच म्हणतात, त्यात नवीन काही नाही. पण सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसलेला म्हातारा माणूस घराच्या मालकाला पाहुणे म्हणतो, तेव्हा मालकाला कुठे बघावं कळत नाही.

लेकीशी मात्र ते अहिराणी बोलत. "दिवायी व्हयनी का मी निंघस," हे ते सुनंदाला, माझ्या बायकोला, दर दोन-चार दिवसांनी ऐकवत. दिवाळी झाली की निघणार. धुळ्यात देवपूरला त्यांनी एक खोली बघून ठेवली होती. पावसाळ्यात ते बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले होते. एकटं राहू देऊ नका, असं डॉक्टर आम्हाला सांगत होते, आणि नाना डॉक्टरांना सांगत होते की हा माझा शेवटचाच चेकअप, पुढचं धुळ्यात बघेन.

नवरात्रात एकदा भाजी निवडताना सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्ही जगाची घरं बनवता. एकदा आमचं बनवा ना. डोळ्यांसमोर असलं तर थांबतीलही."

"घर बघून थांबतील?"

"माणसं बघून तर थांबत नाहीयेत," ती म्हणाली.

घराची मापं माझ्याकडे होतीच. विक्रीच्या वेळी नकाशा मीच काढला होता. टेप धरून खोल्या मोजल्या होत्या, मोबाइलवर एकेका भिंतीचे फोटो काढले होते. मी मोजत होतो तेव्हा नाना रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसले होते. मी आतून "नाना, ही भिंत आठ फूट चार इंच बरोबर ना?" असं विचारलं, तर ते म्हणाले, "असेल." मला तेव्हा ते उत्तर तुटक वाटलं होतं.

घरी बनवलं असतं तर नानांना दिसलं असतं. म्हणून मी रफीकभाईच्या गोदामात जागा मागितली. रफीकभाई प्लास्टरच्या सिलिंगची कामं करतो. उरलंसुरलं प्लास्टर मला तोच देतो. पोत्यांच्या मधल्या जागेत त्याने मला एक टेबल लावून दिलं आणि संध्याकाळी काम आटपून आला की स्टुलावर बसून माझी मजा बघायचा.

"भाऊ," तो म्हणाला, "मैं दिनभर लोगों के घर की दरारें भरता हूं. तुम इधर बैठ के दरारें बनाते. एक दिन लोग दोनों को पकड़ेंगे."

"तुला पैसे मिळतात, मला तेही नाही."

"वोही तो. दिवाळी में घर को कोई पुराना करता क्या? भाभी को मालूम है?"

भाभीला माहीत होतं. पण मी घर किती जुनं करतो आहे, हे तिला माहीत नव्हतं. आणि मला थांबता येत नव्हतं. जे लोक हा छंद करतात त्यांना हे कळेल. कोरं, स्वच्छ छोटं घर म्हणजे खेळणं. त्याला ऊन-पाऊस लागलेला दिसला की ते घर होतं. ज्याला डाग जमले त्याला हात आहे, असं आम्ही एकमेकांबद्दल बोलतो.

मी आधी भिंतीला पिवळा रंग दिला, त्यावर फिकट हिरवा, त्यावर निळसर पांढरा, आणि मग नखाने जागोजागी पापुद्रे उडवले. म्हणजे खालची सगळी वर्षं डोकावली. पत्र्यासाठी ॲल्युमिनियमची पन्नी कंगव्यावर दाबून नाळ्या पाडल्या आणि भांडी घासायच्या तारेचा गंज व्हिनेगरमध्ये काढून त्यावर शिंपडला. तडा काढायला प्लास्टर मुद्दाम भर उन्हात ठेवलं. बाहेरच्या पिंपाच्या बुडाशी शेवाळं म्हणून कसुरी मेथीचा चुरा. आणि पत्र्याच्या पन्हाळीखाली, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर, पाण्याचा लांब ओघळ. हा ओघळ मी चहाच्या पाण्याने केला. एकावर एक हलके हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा, मग पुढचा. वर काळपट, मध्ये तपकिरी, खाली हिरव्यात विरलेला. त्या एका ओघळावर मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्या.

पूर्ण झालं त्या दिवशी रफीकभाई हात पाठीमागे बांधून त्याभोवती फिरला. "या अल्ला, एकदम असली," तो म्हणाला. "इस में से अभी कोई खांसते हुए बाहर आएगा." त्याने गोदामाचा मोठा दिवा लावला, मी फोटो काढले. आणि नानांना घर दाखवायच्या आधी ते फोटो चौथ्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले.

यातलं दुसरं काही मी कदाचित विसरेन. हे विसरणार नाही. घर नानांसाठी होतं. पण शाबासकी मला हवी होती, आणि ती नानांआधी हवी होती. त्या ग्रुपमध्ये नानाही आहेत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

टेम्पोतून घर आणेपर्यंत ग्रुप भरून गेला होता. "वा पाहुणे, हुबेहूब." "तडासुद्धा सोडला नाही!" "पन्हाळीखालचा ओघळ बघा, मानलं." कुणी हात जोडलेले, कुणी डोळे पुसणारे. आणि मध्येच एका शेजाऱ्याने लिहिलं होतं, "शेवटी शेवटी फारच अवकळा आली होती हो त्या घराला."

मी आणि सुनंदाने ते टीपॉयवर ठेवलं. नाना सोफ्यावर होते. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते. त्यांनी तो खिशात ठेवला, चष्मा पुसला, पुढे वाकून घर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हाई कोनं घर शे?" त्यांनी सुनंदाला विचारलं. कुणाचं घर आहे हे?

"नाना, आपलंच शे ना. चौथी गल्लीनं."

"आपलं घर आसं कव्हय व्हतं?" असं कधी होतं?

"यांनी मापं घेतली होती ना, त्यावरून..." ती गडबडून मराठीतच बोलायला लागली.

"दर दिवायीले चुना मारेल शे मी," नाना म्हणाले. "दर दिवायीले." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "पाहुणे, हात चांगला आहे तुमचा." आणि ते आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने देवपूरच्या खोलीमालकाशी फोनवर बोलल्याचं ऐकू आलं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी येतो, असं ते सांगत होते.

स्वयंपाकघरात सुनंदा कणिक मळत होती. मी म्हणालो, "मी खोटं काही केलं नाही. फोटोत आहे तेच केलं."

तिने कणकेत मूठ दाबली. "तो ओघळ कुठल्या वर्षाचा आहे माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं.

ओघळ दर पावसाळ्यात पडायचा. पन्हाळ तिथे वाकडीच होती. आणि दर दिवाळीला नाना शिडी लावून चुना मारायचे की नाहीसा व्हायचा. फक्त एका वर्षी राहिला. त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई, अक्का, गेल्या होत्या. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या वर्षीची दिवाळी करत नाहीत. चुना नाही, कढई चढत नाही, फराळाचे डबे नातेवाइकांकडून येतात. पुढची दिवाळी यायच्या आत तडा गेला आणि घर विकलं. म्हणजे माझ्या फोटोंत होतं ते अक्का गेल्याचं वर्ष होतं. मी चहाच्या पाण्याने दुखवट्याचा हुबेहूब रंग काढला होता, आणि तो गल्लीला दाखवून आलो होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं की मला ठाऊक नव्हतं. पण ते खरं नाही. त्या दिवाळीला फराळाचे डबे घेऊन आम्हीच गेलो होतो. सुनंदा आत नानांजवळ बसली होती. मी ओट्यावर आलो, कारण आत बसवत नव्हतं. आणि ओट्यावर माझं लक्ष त्या भिंतीकडे गेलं. काय सुरेख उतरलं आहे पाणी, असं माझ्या मनात आलं. हे करायचं झालं तर चहाचं पाणी चालेल, असंही आलं. मी मोबाइल काढून जवळून फोटो घेतला. आतून माझ्या बायकोच्या रडण्याचा आवाज येत होता, तो मला ऐकू येत होता, आणि मी फोटो नीट आला नाही म्हणून दुसरा घेतला.

हे मी सुनंदाला अजून सांगितलेलं नाही. आता ती इथे वाचेल.

आरेखकाला एक सवय लागते. जे टेपमध्ये बसतं ते खरं. तडा किती रुंद हे मला सांगता येतं. नानांनी आयुष्यभर जितक्या दिवाळ्या त्या घराला पांढरं केलं, त्या माझ्या नकाशात कुठे येणार होत्या? त्यांचं घर म्हणजे चुना मारल्यानंतरचं घर. मधले महिने ते घर नुसतं मळत असे. मी मात्र त्या मळलेल्या महिन्यांतला सगळ्यात वाईट दिवस निवडला आणि त्याला वास्तव म्हटलं. माझ्या कपाटात अशी आणखी काही घरं आहेत. ती बघायला आता मला पूर्वीसारखं बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चुन्याची कळी शोधायला निघालो. रंगाच्या दुकानदाराने डिस्टेंपर पुढे केला. "चुना कोण मारतो आता साहेब?" असं म्हणाला. शेवटी जुन्या बाजारात एकाकडे गोणीच्या तळाशी थोडी कळी मिळाली. किराणा दुकानातून निळीची पुडी घेतली. गॅलरीत जुन्या पातेल्यात पाणी घालून कळी सोडली. ती फसफसली, वाफ आली, पातेलं हात लावता येणार नाही इतकं तापलं. नाना दाराशी येऊन उभे राहिले. वासावरूनच आले असावेत.

मी माफी मागायची वाक्यं रात्रभर जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी एवढंच म्हणालो, "नाना, उद्या चुना मारायचा आहे."

"भिजू द्या," ते म्हणाले आणि आत गेले.

सकाळी मी चुना गाळला, घर गॅलरीत उन्हाला आणलं, आणि नीळ टाकायला लागलो. सुनंदा करंज्यांचं पीठ लागलेल्या हातांनी बघायला आली.

"अजून टाका. अक्का याच्या दुप्पट टाकायची."

आतून नानांचा आवाज आला, "म्हणीसनच आपलं घर आख्खी गल्लीमा निय्यं दिसे!" म्हणून तर निळं दिसायचं.

"अक्कानंच घर व्हतं ते, निय्यंच दिसाले पाहिजे," सुनंदाने उलट आवाज दिला.

नाना बाहेर आले. त्यांनी पातेल्यात बोट बुडवलं, नखावर रंग बघितला, मान हलवली. मी सर्वांत बारीक ब्रश घेऊन भिंतीला लावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आरे, सुकी भिंतले कोनी चुना मारस का? दे आठे." दे इथे, म्हणत ब्रश त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. पाहुणे नाही, तुम्ही नाही. मी बाजूला झालो.

त्यांनी आधी पाण्याने भिंत ओली केली. मग वरून खाली, पत्र्याच्या कडेपासून ओट्यापर्यंत एकेक हात. ओला चुना दिसत नाही, नुसती भिंत भिजल्यासारखी दिसते. पापुद्रे, तडा, ओघळ, सगळं होतं तसंच दिसत होतं. मला वाटलं, जमलं नाही. नाना स्टूल ओढून बसले. ऊन भिंतीवर आलं, आणि कडेने पांढरं व्हायला लागलं. आधी पन्हाळीखाली, मग खिडकीभोवती, मग सगळीकडे. माझ्या कित्येक संध्याकाळी त्या पांढऱ्याखाली गेल्या. खरं सांगतो, त्यातल्या काहींचं मला त्या क्षणीसुद्धा वाईट वाटलं. इतका मी सुधारलेलो नाही.

ओघळाची फिकट तपकिरी रेघ चुन्यातून परत वर आली. चहा असाच असतो. नाना तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीला दुसरा हात दिला, आणि त्या जागी थोडा जास्त वेळ दिला.

दुपारी घर वाळलं. किंचित निळसर, स्वच्छ. ओट्यावर चुन्याचे चार थेंब सांडले होते, तसे खऱ्या ओट्यावरही दर दिवाळीला सांडत असणार. नानांनी मला फोटो काढायला सांगितला आणि स्वतःच्या मोबाइलवरून ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. पहिलं उत्तर आलं, "नाना, चुना मारी लिधा वाटस!" ते वाचून ते हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मग उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"त्या देवपूरवालाले फोन लाव," ते सुनंदाला म्हणाले. "सांग, खोली दुसराले दी दे."

तिने पिठाच्या हातानेच नंबर लावला. पलीकडून फोन उचलला गेला, ती "हं, मी नानांची मुलगी," एवढं म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला. नानांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"हां, मीच बोली ऱ्हायनू. नही हो, भाडाना सवाल नही," ते म्हणाले. "मनं घर आठेच शे." माझं घर इथेच आहे.

मी गॅलरीत उभा होतो. ब्रश पाण्यात घातला आणि धुवायला लागलो, कारण चुन्याचा ब्रश तसाच ठेवला तर वाळून त्याचा दगड होतो.